आजोबांचा दाखला मुंबई राज्याचा, मग पुण्यात सीट का नाही?

ॲडमिशनचे दिवस आले की या कॉलमची पत्रं दुप्पट होतात आणि निम्म्या पत्रांत विषय एकच, मुलाला कुठे घालायचं. मी तीस वर्षं एका कॉलेजच्या ऑफिसात ॲडमिशनच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसले, त्यामुळे लोक समजतात मला सगळं माहीत आहे. नाहीये. पण कुठला कागद चालतो आणि कुठला परत येतो एवढं नक्की सांगू शकते. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही चार पिढ्या बडोद्यात, दांडिया बाजारात. मुलगा बारावी सायन्स, गुजरात बोर्ड, जेईई मेन ठीकठाक गेली. त्याला पुण्यातच इंजिनिअरिंग करायचंय. सासऱ्यांचा जन्म १९५२ चा, दाखल्यावर चक्क 'मुंबई राज्य' लिहिलंय, आणि नात्यातले सगळे सांगतायत की हा दाखला लावा, तुम्ही महाराष्ट्रातलेच धरले जाल. नाहीतर माझा भाऊ कोथरूडला आहे, त्याच्या पत्त्यावर डोमिसाइल काढता येईल का? मराठी माणसाला महाराष्ट्रात जागा नाही हे पटत नाही हो. — एक आई

तुमचं पत्र वाचून मला माझ्या खिडकीवरचे एक आजोबा आठवले. प्लास्टिकच्या पिशवीत रुमाल, रुमालात घडी घातलेला कागद, तो इतका जुना की घडीवर फाटलेला, आणि ते तो टेबलावर ठेवायला तयार नव्हते, हातातच धरून मला वाचायला लावला. त्यावरही तेच, मुंबई राज्य. मला त्यांना नाही म्हणताना फार वाईट वाटलं होतं, पण नाहीच म्हणावं लागलं.

कारण सांगते. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले, आपण गुजरातमधे आलो. म्हणजे सासऱ्यांचा दाखला खोटा नाही, तेव्हा बडोदाही मुंबई राज्यच होतं आणि सुरतही. त्या कागदावर महाराष्ट्राचा हक्क सांगायचा तर सुरतच्या माणसालाही सांगता येईल.

महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग कॅपमधे, म्हणजे सरकारच्या एकत्रित ॲडमिशन फेऱ्यांत, उमेदवाराचे टाइप असतात, ए पासून ई पर्यंत. ए म्हणजे ज्याची दहावी-बारावी महाराष्ट्रातली आणि डोमिसाइल किंवा जन्मही तिथलाच. बी म्हणजे ज्याचं स्वतःचं किंवा आईचं किंवा वडिलांचं डोमिसाइल महाराष्ट्राचं. सी आणि डी हे सरकारी नोकरांच्या मुलांसाठी. आणि ई, हे वाचून तुम्हाला वाटेल अरे हेच तर आपलं, मराठी मातृभाषा असलेली राज्याबाहेरची मुलं, पण ते फक्त कर्नाटकच्या सीमाभागातल्या वादग्रस्त ८६५ गावांसाठी. बेळगावच्या मुलाला मिळतं, आपल्याला नाही, कारण बेळगाववर महाराष्ट्राचा दावा आहे आणि बडोद्यावर कुणाचा दावा नाही. तिथली सवलत भाषेवरून आली असं आपल्याला वाटतं, पण ती आलीय भांडणातून. आपण इथे सुखाने शेव-उसळ खात राहिलो, त्याचे पॉइंट मिळत नाहीत.

आता भावाचा पत्ता. मामाच्या घरावरून भाच्याचं डोमिसाइल होत नाही, तिथे पंधरा वर्षं राहिल्याचे पुरावे मागतात, मामाचं लाइट बिल नाही, मुलगा राहिल्याचे. आणि कुणी एजंट म्हणाला की करून देतो, तर त्याला चहा पाजून घालवा. एकाच मुलाचं दोन राज्यांत डोमिसाइल निघालं आणि पडताळणीत सापडलं की सीट तर जातेच, वर पोलीस केस होऊ शकते. मुलाचं नाव सतरा-अठराव्या वर्षी असल्या फाइलमधे नको.

मग पुण्याचा रस्ता बंद का, तर नाही. खाजगी विनाअनुदानित कॉलेजात १५ टक्के ऑल इंडिया सीट्स असतात, जेईई मेनच्या स्कोअरवर, त्यात तो फॉर्म भरू शकतो. फक्त हे समजून भरा की तिथे तो बाहेरच्या राज्याचा आहे, महाराष्ट्र सरकारची फी सवलत त्याला नाही, आणि गुजरातची सवलत मागायला तो गुजरातच्या कॉलेजात नाही. म्हणजे दोन्हीकडून कोरडा.

पैशाचं गणित घरी बसून करा, मी नेहमी वहीचं मधलं पान घ्यायला सांगते म्हणजे दोन्ही बाजू समोर दिसतात. डावीकडे पुणे. फी समजा दीड लाख, रूम आणि मेस महिन्याचे बारा हजार धरले तर दहा महिन्यांचे एक लाख वीस, डिपॉझिट, दिवाळी-होळीची तिकिटं, एकदा तरी आजारी पडणार आणि तुम्ही धावत जाणार, तेही लिहा. तीन लाखांच्या घरात जातं, गुणिले चार. उजवीकडे गुजरात. इथल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात ट्युशन फी वर्षाची दीड हजार आहे. हो, दीड हजार, शून्य खाल्लेलं नाहीये, मुलींना तर तीही नाही. आता आपल्या शहरात एम.एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी मिळाली तर उत्तमच, मूळ कलाभवन १८९० चं, पण तिथे ब्रँच नाही मिळाली तर गोध्रा, भरूच, अहमदाबादचं एल.डी. हे पर्याय आपले लोक यादीत वर लिहीतच नाहीत, 'गोध्र्याला कोण जाणार' म्हणून. आणि तोच मुलगा पाचशेहून जास्त किलोमीटरवर पुण्याला जायला तयार!

खाजगी कॉलेज घ्यायचं तरी गुजरातमधे टीएफडब्ल्यूच्या सीट असतात, फी माफीच्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न लागतं. त्याचा टिक फॉर्ममधे करायचा राहून गेला म्हणून रडणारे पालक मी दरवर्षी बघितलेत. ते बघा आधी.

पुण्याला पाठवूच नका असं मी म्हणत नाहीये. त्याला तिथलं कॉलेज इथल्यापेक्षा खरंच वरचं मिळत असेल आणि वहीचं डावं पान पेलत असेल तर पाठवा. पण 'आपलं राज्य' म्हणून नको, ते राज्य त्याला ऑल इंडियात मोजणार आहे.

प्रश्न : मी कारेलीबागेत राहतो, बारावी कॉमर्स ७१ टक्के. युनिव्हर्सिटीत बीकॉमला मिळेल की नाही टेन्शन आहे. आमची बडोद्याची युनिव्हर्सिटी, मग बाहेरच्या गावची आणि दुसऱ्या राज्याची मुलं का घेतात? ग्रुपवर सगळे म्हणतायत की एखाद्या नेत्याला भेटलं की होतं. खरं का? — एक विद्यार्थी

बाळा, तुझ्या पत्रात राग आहे आणि तो सगळा चुकीचा नाहीये. महाराजा सयाजीराव विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ ला स्थापन झालं, म्हणजे संस्थान विलीन व्हायच्या आदल्या दिवशी. घर सोडताना घरातली चांगली वस्तू लेकीच्या नावावर करून टाकावी तसं केलं बघ. आणि कायद्यात त्याचं क्षेत्र ठेवलं विद्यापीठाच्या ऑफिसपासून दहा मैल. इतर विद्यापीठांना दोन-दोन चार-चार जिल्ह्यांची कॉलेजं जोडलेली असतात, याला नाही. म्हणून बडोदेकराच्या डोक्यात हे शहराचंच विद्यापीठ आहे, मंडई जशी आपली तशी युनिव्हर्सिटी आपली.

पण २०२३ च्या गुजरात पब्लिक युनिव्हर्सिटीज कायद्यात बाकीच्यांबरोबर हेही एका छत्रीखाली गेलं, निवडून येणारं सेनेट-सिंडिकेट गेलं, बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आलं. पाठोपाठ २०२४ पासून ॲडमिशन राज्याच्या एकाच पोर्टलवर, जीकॅस. आणि त्याच वर्षी कॉमर्सला सीट कमी केल्या, बडोद्याचीच पुष्कळ मुलं बाहेर राहिली, मग आंदोलनं, घेराव, सगळ्या पक्षांचे लोक मधे पडले आणि शेवटी सीट वाढवाव्या लागल्या. तुझ्या ग्रुपवरचं 'नेत्याला भेटलं की होतं' हे यातूनच आलंय. पण नीट बघ, तेव्हा कुणा एकाची चिठ्ठी चालली नव्हती, सगळ्यांच्या सीट वाढल्या. ज्याने पोर्टलवर फॉर्मच भरला नव्हता त्याला सीट वाढूनही काय उपयोग? तेव्हा भेटायचं तर भेट, पण फॉर्म भरून, आणि यादीत एकच नाव टाकून बसू नको. मित्र एका फॅकल्टीचं नाव टाकून मिशीवर ताव देत बसतात आणि दुसऱ्या राउंडला तोंड पाडून येतात.

बाहेरच्यांचं म्हणशील तर, दाहोद-छोटाउदेपूरच्या मुलाला त्याच्या गावात काय आहे ते एकदा बघून ये. आणि उद्या तू एमबीएला अहमदाबादला गेलास की तिथला मुलगा तुलाच बाहेरचा म्हणणार, तेव्हा हे पत्र काढून वाच. लोकलला काही प्राधान्य असावं हे मला मान्य आहे, कारण इथला रिक्षावाल्याचा मुलगा बाहेर रूम करून राहू शकत नाही, त्याच्यासाठी घराजवळची सीट हीच स्कॉलरशिप असते. पण बाहेरचा एकही नको म्हणालास तर नाही, सयाजीरावांनी १९१३ मधे आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते ते दांडिया बाजारचे होते म्हणून नाही.

७१ वर तुझं होईल की नाही ते मी छातीठोक सांगणार नाही, कटऑफ दरवर्षी हलतो.

प्रश्न : मुलीला नीट मधे बऱ्यापैकी मार्क आहेत पण सरकारी मेडिकलला थोडे कमी पडतील असं वाटतं. गोत्रीचं जीएमईआरएस मिळू शकतं. आमचे साडू म्हणतात पुण्याच्या डीम्ड युनिव्हर्सिटीचं कॉलेज घ्या, नाव मोठं आहे, मराठी वातावरण आहे. माझी प्रायव्हेट नोकरी, एक फ्लॅट आहे तो विकायची तयारी आहे. काय करू? — एक बाबा, वाडी

फ्लॅट विकू नका. उत्तर एवढंच आहे, पण साडूंना दाखवायला कारणं लागतील म्हणून लिहिते.

गुजरातमधे एमबीबीएसच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली सरकारी कॉलेजं, आपलं बडोदा मेडिकल कॉलेज त्यात, फी वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास. दुसरी जीएमईआरएस, ही सरकारच्या सोसायटीची तेरा कॉलेजं, आणि इथेच राजकारण कसं खिशात येतं ते दिसलं. जुलै २०२४ मधे यांची सरकारी कोट्याची फी एकदम ३.३० लाखांवरून ५.५० लाख केली आणि मॅनेजमेंट कोट्याची १७ लाख. नीटचे निकाल लागलेले, पालकांनी हिशेब मांडलेले, आणि मधेच हे. मग बोंबाबोंब झाली, पालक रस्त्यावर, विरोधी पक्ष, डॉक्टरांच्या संघटना, आणि थोड्याच दिवसांत सरकारने मागे घेऊन सरकारी कोटा ३.७५ लाख आणि मॅनेजमेंट १२ लाख केला. मागे घेतली म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले, पण ३.३० च्या वर पंचेचाळीस हजार वाढलेच की, ते कुणी मोजले नाहीत. तिसरी पायरी खाजगी.

आता त्याच ३.७५ ने धरलं तर साडेचार वर्षांचे सतरा लाखांच्या आत. पुण्याच्या डीम्डमधे वर्षालाच वीस लाखांच्या वर जातात, म्हणजे नव्वद लाखांच्या पुढे, हॉस्टेल वेगळं. डिग्री तीच, एमबीबीएस. इंटर्नशिपला हात लावायला पेशंट किती मिळतात ते बघायचं असतं, आणि गोत्रीच्या ओपीडीत सकाळी नऊला जाऊन उभे राहा, पाय ठेवायला जागा मिळाली तर मला सांगा.

मराठी वातावरणाचं म्हणाल तर डीम्डमधे देशभरातून मुलं येतात, तिथे हॉस्टेलला हिंदी-इंग्रजीच चालतं. मराठी बोलायला तिला गोत्रीहून संध्याकाळी घरी येता येईल.

महाराष्ट्राच्या सरकारी मेडिकलची आशा धरू नका, ८५ टक्के स्टेट कोट्याला दहावी-बारावी तिथलीच लागते. उरलेल्या १५ टक्के ऑल इंडियात जरूर भरा, पण तो कटऑफ वर असतो. उलट इथे तुमच्या मुलीची दहावी-बारावी गुजरातची, जन्म इथला, तो तुमचा हुकमाचा पत्ता आहे, आणि आपण मराठी लोक तोच पत्ता टाकून देऊन दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसतो.

उत्पन्न सहा लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, म्हणजे एमवायएसवाय, यात मेडिकलला फीच्या निम्मे किंवा दोन लाख यातलं जे कमी ते मिळतं, आणि मुलींसाठी कन्या केळवणी निधी वेगळा आहे, त्याचीही चौकशी करा. आवकनो दाखलो, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, जनसेवा केंद्रातून आत्ताच काढून ठेवा, रिझल्ट लागल्यावर तिथे ओळ रस्त्यापर्यंत येते. आणि गुजरातचा ग्रामीण सेवेचा बॉन्ड असतो तो सही करायच्या आधी वाचा, सगळे आई-बाप न वाचता सही करतात. तरी कमी पडलं तर कर्ज घ्या, साडेसात लाखांपर्यंत गॅरंटी योजनेत तारण लागत नाही आणि हप्ता शिक्षण संपून वर्षाने सुरू होतो. पीएम विद्यालक्ष्मीत व्याजाची सवलतही आहे, पण यादीतल्या संस्थांना, आणि मॅनेजमेंट कोट्याला नाही. फ्लॅट राहू द्या, तुम्हाला रिटायर झाल्यावर लागेल.

प्रश्न : आम्ही मराठा. नाशिकच्या पुतणीला एसईबीसी मधून सीट मिळाली आणि मुलगी म्हणून फी पण माफ. गुजरातच्या फॉर्ममधेही एसईबीसी असा कॉलम आहे. माझ्या मुलीने तो भरायचा ना? — रावपुरा

थांबा, भरला नाहीत ना अजून? नाव एक, अर्थ दोन. महाराष्ट्रात एसईबीसी म्हणजे २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेलं १० टक्के. गुजरातमधे एसईबीसी म्हणजे आपण बोलताना ज्याला ओबीसी म्हणतो ते, २७ टक्के, आणि त्याची गुजरातची स्वतःची यादी आहे. त्या यादीत तुमची जात असेल आणि मामलतदाराचा दाखला असेल तरच तो कॉलम. पुतणीचा दाखला दाखवून काही होणार नाही, जातीचे राज्याचे फायदे त्या-त्या राज्यातच राहतात. फी माफीचंही तसंच, २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी, ओबीसी मुलींना तिथे पूर्ण माफी आहे, पण महाराष्ट्राच्या रहिवासी मुलींना. तुम्ही ईडब्ल्यूएस बघा, आठ लाखांची मर्यादा, तो दाखला वेगळा असतो, उत्पन्नाच्या दाखल्यावर भागत नाही.

आणि जावेशी तुलना थांबवा, म्हणजे हे मी आपलं उगाच सांगतेय.

प्रश्न : माझ्या मुलीला आणि तिच्या गुजराती मैत्रिणीला, दोघींना मुंबईला मास मीडियाला जायचंय. मैत्रिणीच्या घरचे भाषेच्या भांडणाच्या बातम्या बघून घाबरलेत, म्हणतात तिथे गुजराती मुलीला त्रास देतील. ती नाही गेली तर आमची एकटी पडेल आणि रूमचं भाडंही एकटीला झेपणार नाही. त्यांना कसं समजावू? — एक आई, मांजलपूर

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीवरून वाद पेटला, जूनच्या शेवटी सरकारला जीआर मागे घ्यावे लागले, आणि त्याच सुमारास मीरा रोडला एका दुकानदाराला मराठी न बोलण्यावरून मारहाण झाली, ते व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर आले. तेव्हा भीती हवेतली नाही. पण त्या घरच्यांना हेही आठवून द्या की ऑक्टोबर २०१८ मधे आपल्या गुजरातमधून यूपी-बिहारचे कामगार ट्रेनमधे लटकून पळाले होते. कुठल्याच राज्याने छाती काढून चालावं असं नाहीये.

समजावायला म्हणून जाऊ नका. चौघी बसा, दोघी आया आणि दोघी मुली, आणि बातम्या सोडून पत्त्यावर बोला. कॉलेजचं स्वतःचं लेडीज हॉस्टेल आहे का, नसेल तर पीजी स्टेशनपासून किती लांब, रात्री लेक्चरहून येताना रस्ता कसा, दोघींत भाडं किती. एकदा दोघी आया सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊन जागा बघून रात्री परत या, सहा तासांच्या आत पोचता. माझ्या पाहण्यात आहे, जी आई जागा बघून येते ती निम्मी शांत होते आणि जी घरी बसून फोन बघते ती पोरीची फीच भरू देत नाही.

राहिला भाषेचा मुद्दा, तर तुमची मुलगी तिला ट्रेनमधे महिनाभरात कामापुरतं मराठी शिकवेल. बडोद्यात तुमच्या शेजारी वाढलेली पोरगी आहे, तिला अर्धं आधीच येत असणार, विचारून बघा. गणपतीत आरत्या कुणाकुणाच्या पाठ असतात ते मांजलपूरला काय सांगायचं.